मदत हवी आहे: काढून टाकलेल्या इंडेक्स-टाइम बूस्टचे मार्गदर्शिकेतले उल्लेख कसे हाताळावेत?

नमस्कार.

ल्यूसीन या शोध-लायब्ररीच्या गाभ्यावर उभारलेल्या एका शोध-सॉफ्टवेअरच्या मार्गदर्शिकेचे काम मी पाहते. आमची नवी आवृत्ती ल्यूसीन ६ सोडून पुढच्या पिढीवर गेली आणि त्याबरोबर इंडेक्स-टाइम बूस्ट ही जुनी सोय कायमची गेली. कोडमधून ती काढण्याचे काम सहकाऱ्यांनी दोन दिवसांत उरकले. मार्गदर्शिकेतून ती काढताना मात्र मी तीन आठवडे अडले आहे, आणि काही निर्णय एकटीने घ्यावेत असे वाटत नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

ज्यांनी ही सोय कधी वापरली नसेल त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देते. एखादी नोंद किंवा तिच्यातले एखादे फील्ड इतरांपेक्षा महत्त्वाचे आहे, हे इंडेक्स करतानाच सांगण्यासाठी नोंदीसोबत बूस्ट म्हणून एक आकडा देता येत असे. हा आकडा स्वतंत्रपणे कुठेच साठवला जात नसे. फील्डच्या लांबीवरून निघणाऱ्या गुणकाशी त्याचा गुणाकार होई आणि तो गुणाकार एकाच बाइटमध्ये बसवला जाई. एका बाइटमध्ये २५६ च किमती मावतात, त्यामुळे १ आणि २ यांच्या दरम्यान अवघ्या चार पायऱ्या असत. म्हणजे लांबीचा गुणक १ असताना कोणी १.३ दिले काय आणि १.३७ दिले काय, इंडेक्समध्ये दोन्हींचे १.२५ च होत असे. आकडा बदलायचा तर नोंद पुन्हा इंडेक्स करावी लागे, आणि साठवलेल्या किमतीत बूस्टचा वाटा किती व लांबीचा किती, हे नंतर कोणालाही सोडवून सांगता येत नसे. २०१७ मध्ये आलेल्या ल्यूसीन ७ ने ही सोय काढली, ते माझ्या मते योग्यच झाले.

अडचण अशी की ती गेल्यावर सॉफ्टवेअर तक्रार करत नाही. ल्यूसीनवरच उभारलेल्या सोलर या शोध-सर्व्हरच्या सातव्या आवृत्तीने जे केले तेच आम्ही केले: येणाऱ्या फाइलमध्ये बूस्ट असला तरी इंडेक्सिंग अडत नाही, त्या आकड्याकडे नुसते दुर्लक्ष होते. लोकांच्या जुन्या स्क्रिप्ट मोडू नयेत हा हेतू चांगला आहे, पण त्यामुळे सगळा भार मार्गदर्शिकेवर येऊन पडतो. हे मला नीट उमगले ते आमच्याच ‘पहिली पावले’ या प्रकरणामुळे. त्यातल्या सरावाच्या फाइलमध्ये पाच नोंदी आहेत, चौथीला १० हा बूस्ट दिलेला आहे, आणि खाली लिहिले आहे की आता शोध घेतल्यास चौथी नोंद सर्वांत वर दिसेल. मी ती फाइल नव्या आवृत्तीवर जशीच्या तशी चढवली. कुठेही चूक दाखवली गेली नाही, पाचही नोंदी इंडेक्स झाल्या, आणि चौथी नोंद तिसऱ्या क्रमांकावर आली. गुणांचे स्पष्टीकरण उघडून पाहिले तर त्यात शब्दाची वारंवारता होती, शब्दाचे दुर्मीळपण होते, फील्डची लांबी होती. मी दिलेल्या दहाचा मागमूसही नव्हता. नवशिका वाचक इथे आपलेच काहीतरी चुकले असे समजून तासभर फाइल तपासत बसेल, आणि त्याची काहीच चूक नसेल, हे मला फार लागते.

म्हणून मी मार्गदर्शिकेत ‘बूस्ट’ हा शब्द सगळीकडे शोधला. खरी गुंतागुंत तिथे सुरू झाली, कारण शोधवाक्यात शब्दापुढे घातचिन्ह लावून दिलेला बूस्ट, फील्डनिहाय वजने, फंक्शनने वाढवलेले गुण हे शोधाच्या वेळचे सारे प्रकार आजही चालू आहेत आणि त्यांनाही हाच शब्द आहे. आधीच्या लेखकांनी दोहोंत फरक केलेला नाही. ‘शीर्षकाला बूस्ट दिल्यास निकाल सुधारतात’ असे एक वाक्य आहे; त्यातला बूस्ट कोणता, हे मागचा-पुढचा परिच्छेद वाचूनही मला कळले नाही, शेवटी ते वाक्य कोणत्या बदलासोबत आले हे रिपॉझिटरीच्या इतिहासात शोधावे लागले.

नॉर्मच्या, म्हणजे लांबी व बूस्ट यांच्या त्या एका बाइटमधल्या गुणाकाराच्या, पानाने तर मला सावधच केले. तिथे असे आहे: ‘फील्डचे नॉर्म बंद केल्यास जागा वाचते, मात्र इंडेक्स-टाइम बूस्ट वापरायचा असल्यास ते चालू ठेवावेत.’ कालबाह्य म्हणून वाक्याचा उत्तरार्ध खोडला की नॉर्म बंद करण्यात नुसता फायदाच आहे असा अर्थ उरतो. प्रत्यक्षात फील्डच्या लांबीचा क्रमवारीवर होणारा परिणामही नॉर्म बंद केल्याने जातो, आणि ही गोष्ट त्या पानावर कधी लिहिलेलीच नव्हती. जुने वाक्य अपुरे होते. अर्धे खोडल्यावर ते दिशाभूल करणारे झाले असते.

आता माझे प्रश्न. इंडेक्स-टाइम बूस्टचे स्वतंत्र पान नव्या आवृत्तीतून पूर्ण काढावे, की त्याच पत्त्यावर ‘ही सोय काढली आहे, त्याऐवजी असे करा’ असे सांगणारे पान ठेवावे? माझा कल दुसऱ्या पर्यायाकडे आहे, पण एका सहकाऱ्याचे म्हणणे असे की मार्गदर्शिकेत जे आहे तेवढेच असावे, जे गेले त्याची नोंद बदलांच्या यादीत पुरे, आणि हे म्हणणे मला वावगे वाटत नाही. जुन्या आवृत्तीच्या पानांना हात लावावा का, हेही ठरत नाही. ती आवृत्ती वापरणारे अजून आहेत, त्यांच्यासाठी तो मजकूर खराच आहे, पण इंटरनेटवरच्या शोधातून येणारा वाचक बहुधा त्याच जुन्या पानावर उतरतो. आणि पर्यायी पद्धत सांगताना जुन्या आकड्याचे काय करावे? ज्याने १० दिले होते त्याने नव्या पद्धतीतही १० च द्यावेत असे लिहू का?

प्रतिसाद १

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तिथे तुमचे वाचक सर्वांत जास्त फसतील. १० च द्या असे कृपया लिहू नका. गुण काढण्याच्या जुन्या टीएफ-आयडीएफ (शब्दाची वारंवारता गुणिले दुर्मीळपण) पद्धतीत तो आकडा गुणांना सरळ गुणत असे, पण ल्यूसीन ६ मध्ये गुण काढण्याची मूलभूत पद्धत बीएम२५ नावाचे सूत्र झाली आणि तिथे बूस्टचा परिणाम एवढाच उरला की फील्ड आहे त्यापेक्षा आखूड भासू लागले. त्या सूत्रातल्या केवन (k1) आणि बी (b) या दोन स्थिरांकांच्या १.२ आणि ०.७५ या नेहमीच्या किमती धरून हिशोब करून पाहा: सरासरी लांबीच्या फील्डमध्ये शब्द एकदा आला असेल, तर बूस्ट कितीही वाढवला तरी गुण १.७ पटीच्या वर जाऊ शकत नाहीत. तुमच्या वाचकांनी दहा लिहिले होते, पण अशा फील्डमध्ये त्यांना मिळत होते ते जेमतेम १.७ पट. तोच दहा गुणाकाराच्या फंक्शनमध्ये घातला तर ती नोंद जवळपास प्रत्येक शोधात वर येऊन बसेल आणि दोष नव्या आवृत्तीला दिला जाईल. नोंदीचे महत्त्व दाखवणारा आकडा वेगळ्या अंकीय फील्डमध्ये ठेवा, शोधाच्या वेळी फंक्शनने तो गुणांशी जोडा, आणि लहान किमतीपासून सुरुवात करून निकाल पाहत वाढवा, असे सांगावे.

पान ठेवावे की काढावे, यावर मी तुमच्या बाजूने आहे. ल्यूसीनवरच उभारलेल्या इलॅस्टिकसर्चने मॅपिंग टाइप (एकाच इंडेक्समधल्या नोंदींचे प्रकार पाडण्याची सोय) काढताना हेच केले होते: टाइप म्हणजे काय होते, ते का काढले, कोणत्या आवृत्तीत काय बदलेल आणि त्याऐवजी काय करावे, हे सगळे एका स्वतंत्र पानावर मांडले होते. जो जुना शब्द शोधत येतो त्याला बदलांची यादी उघडावी हे सुचतच नाही. मात्र असे एकच पान असू द्या. बाकी प्रकरणांत ‘पूर्वी असे होते’ हे वारंवार सांगू नका, कारण नव्या वाचकाला त्या पूर्वीशी काही देणेघेणे नसते.

जुन्या आवृत्तीचा मजकूर बदलू नये, पण प्रत्येक पानाच्या माथ्यावर ती कोणत्या आवृत्तीची मार्गदर्शिका आहे हे ठळकपणे लिहावे आणि नव्या पानाचा दुवा द्यावा. जुन्या पत्त्यावरून ३०१ ने (पत्ता कायमचा बदलल्याच्या वेब-संकेताने) सगळ्यांना नव्या पानावर ढकलले, तर जुनी आवृत्ती वापरणाऱ्यांच्या हातून त्यांची माहितीच जाईल.

प्रतिसाद २

एक छोटी भर. सॉफ्टवेअर बूस्टकडे दुर्लक्ष करते तेव्हा निदान लॉगमध्ये एक सूचना यावी, एवढी मागणी विकासकांकडे जरूर करा. प्रत्येक नोंदीमागे नको, एका खेपेत एकदाच पुरे. त्या सूचनेत तुमच्या त्या एका पानाचा पत्ता द्यायला सांगा, म्हणजे ज्याची जुनी स्क्रिप्ट चालू आहे तो वाचक थेट तिथे पोहोचेल.

धागाकर्तीचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. १.७ पटीचा हिशोब मी स्वतः करून पाहिला आणि तो त्या एकमेव पानावर उदाहरणासह घातला आहे, कारण आपला जुना आकडा नेमके काय करत होता हे कळण्याचा वाचकाला हक्क आहे असे मला वाटते. लॉगमधील सूचना विकासकांनी मान्य केली.

‘पहिली पावले’ नव्याने लिहिताना आणखी एक खाचखळगा सापडला, तो इथे नोंदवून ठेवते. चौथ्या नोंदीत ‘महत्त्व’ नावाचे फील्ड घालून त्याची किंमत २ ठेवली आणि शोधात गुणाकाराचे फंक्शन लावले. चौथी नोंद वर आली, पण उरलेल्या चारही नोंदींचे गुण शून्य झाले, कारण त्यांच्यात ते फील्डच नव्हते आणि नसलेल्या फील्डची किमत शून्य धरून गुणाकार झाला. फील्ड नसल्यास १ धरावे असे फंक्शनमध्ये सांगितल्यावर क्रमवारी सरळ झाली. पाचच नोंदी होत्या म्हणून हे लगेच दिसले; मोठ्या इंडेक्समध्ये ते कित्येक दिवस कोणाच्या लक्षात आले नसते, म्हणून ही सूचना आता उदाहरणाच्या खाली न ठेवता उदाहरणाच्या आधी दिली आहे. सरावाची ती फाइलही यापुढे प्रत्येक बिल्डमध्ये आपोआप चढवली जाईल आणि चौथी नोंद पहिली आली नाही तर बिल्ड थांबेल.