शब्दचर्चा: ‘राज्यातील स्वतंत्र व्यापारी बँका’ म्हणजे नक्की कोणत्या?

प्रश्न:
अमेरिकेतल्या एका जुन्या तक्त्याचं मराठी करतोय. एकेका राज्यात दर वर्षाअखेर किती ‘इंडिपेंडंट कमर्शियल बँका’ होत्या, याची नोंद आहे. मी मथळा दिला ‘राज्यातील स्वतंत्र व्यापारी बँकांची संख्या’. नाशिकच्या मावशीला वाचून दाखवला तर म्हणाली, “म्हणजे आमच्या नामकोसारख्या का रे?” तिथेच अडलोय. ‘वाणिज्य बँक’ करू का?

– मावशींचं चुकलेलं नाही. नामको म्हणजे नाशिक मर्चंट्स; व्यापाऱ्यांची म्हणून व्यापारी, पण आहे ती नागरी सहकारी बँक. पाठ्यपुस्तकांत मात्र कमर्शियलला ‘व्यापारी बँक’च रुळलंय, तेच ठेवा आणि खाली ‘सहकारी बँका वगळून’ अशी टीप द्या. ‘अधिकोष’ तेवढं नको, बँकेतला शिपाईसुद्धा ओळखणार नाही.

– व्यापारीचं निभेल हो, खरी गोम ‘स्वतंत्र’मध्ये आहे. तिकडे एकाच होल्डिंग कंपनीच्या हाती चार-पाच बँका असत. प्रत्येकीचा परवाना वेगळा, संचालक मंडळ वेगळं, मालक एक. अशा तक्त्यात ‘इंडिपेंडंट’ म्हणजे बहुधा या गोतावळ्याबाहेरची बँक. कंपनीच्या हाती एकच बँक असेल तर ती सहसा स्वतंत्र धरतात. तक्त्याखालची बारीक अक्षरं वाचा.

आपल्याकडचं उदाहरण देतो. मी मराठवाड्यातला. वडिलांच्या पासबुकावर ‘स्टेट बँक ऑफ हैदराबाद’ होतं, घरात सगळे ‘एसबीएच’ म्हणायचे. चौकात एसबीआय वेगळी, एसबीएच वेगळी. एकीचा चेक दुसरीत टाकला तर क्लिअरिंगला जायचा. पण १९५९पासून ती स्टेट बँकेची उपकंपनीच होती. १ एप्रिल २०१७ला ती आणि आणखी चार सहयोगी बँका स्टेट बँकेत गेल्या. परवाने मोजले तर त्यामुळे देशातल्या पाच बँका कमी झाल्या. स्वतंत्र बँका मोजल्या तर एकही नाही! ‘वेगळी’ आणि ‘स्वतंत्र’ यांत एवढा फरक पडतो. ‘स्वायत्त’ तर मुळीच लिहू नका, त्याला सरकारी वास येतो.

– ‘स्टेट’वरून आठवलं. १९४१ची मूळ बँक ‘हैदराबाद स्टेट बँक’, म्हणजे निजामाच्या संस्थानची. मिरज स्टेट बँकेतलं स्टेटही संस्थानच. ती १९८५ला युनियन बँकेत गेली. आज ‘राज्य बँक’ म्हटलं की आपण शिखर बँक समजतो, म्हणजे राज्य सहकारी बँक. आणि अमेरिकेत ‘स्टेट बँक’ म्हणजे राज्य सरकारचा परवाना असलेली, मग मालक कुणी का असेना. तक्त्यात हा शब्द कुठे आला तर सांभाळा.

– ‘राज्यातील’ला माझी हरकत आहे. राज्यातली बँक की राज्याची बँक? शाखा मोजायची की मुख्यालय? इलिनॉय, टेक्सससारख्या राज्यांत कितीतरी वर्षं बँकेला दुसरी शाखा काढायचीच मनाई होती. १९८०च्या दशकात देशभरात १४ हजारांवर बँका होत्या त्या उगाच नव्हेत. राज्याबाहेर सर्रास शाखा काढायची मोकळीक १९९४च्या कायद्याने आली. आपल्याकडे शाखेला राज्याच्या सीमेची अशी आडकाठी नव्हती, त्यामुळे मुख्यालयच धरावं लागतं. तसं धरलं तर एकट्या कृष्णाकाठची गळती बघा: साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न २००६ला आयडीबीआयमध्ये, कुरुंदवाडची गणेश बँक त्याच वर्षी फेडरल बँकेत, सांगली बँक २००७ला आयसीआयसीआयमध्ये. कराडची बँक तर त्याआधीच १९९२च्या रोखे घोटाळ्यात बुडाली. कोल्हापूरची रत्नाकर टिकली, पण पाटीवर ‘आरबीएल’ झाली.

– कृपा करून ‘विलय’ लिहू नका, ते हिंदी बातम्यांतून आलंय. आपलं ‘विलीनीकरण’ आहेच. सांगली संस्थानचं १९४८ला तेच झालं, बँकेचंही तेच.

प्रश्नकर्ता:
टीप सापडली. सहकारी नाहीत, मुख्यालय राज्यात हवं आणि अनेक बँका बाळगणाऱ्या कंपनीची नको. मथळा केला ‘राज्यात मुख्यालय असलेल्या स्वतंत्र व्यापारी बँका’, बाकी सगळं तळटिपेत. तळटीप तक्त्याहून मोठी झालीय.

– होऊ द्या. मावशींना परत वाचून दाखवा मात्र.