तुटक उत्तरं, पण कुठल्या भाषेत?
स्किझोफ्रेनियाची लक्षणं मोजणाऱ्या 'पॅन्स' या मोजपट्टीवर बोलणं तुटक झालं की गुण वाढतात, म्हणजे लक्षण जास्त धरतात, इथवर पटलं. नकारात्मक लक्षणांचे (म्हणजे बोलणं, भावना, इच्छा कमी होण्याचे) सात मुद्दे, प्रत्येकी १ ते ७ गुण. पण मुलाखत कुठल्या भाषेत झाली ते कुणी विचारलंच नाही. आमचे काका खानापूरकडचे, घरात निव्वळ मराठी. बेळगावात डॉक्टरांनी कन्नडमधून विचारलं, तर 'हौदु' (हो), 'इल्ला' (नाही) यापुढे गाडी सरकेना. नोंद झाली, बोलणं फार कमी. पुढच्या खेपेला नर्सबाईंनी मराठीत भातलावणीचा विषय काढला, तर दहा मिनिटं बोलत होते! (चेहरा मात्र तसाच कोरा. ते लक्षण खरंच.)

२०११ साली आलेल्या ब्रीफ निगेटिव्ह सिम्प्टम स्केल या नकारात्मक लक्षणांच्याच दुसऱ्या मोजपट्टीत माणूस काय करतो आणि त्याला आतून काय करावंसं वाटतं, हे वेगवेगळं मोजतात. काकांना शेतावर जावंसं वाटतं, फक्त उठवत नाही. हे कन्नडमधून त्यांनी कसं सांगायचं?