१२३४५६७८९८७६५४३२१ : गुणधर्म संख्येचा की लिहिण्याच्या पद्धतीचा? (काटकोन, घातांक आणि लसावि या टोपणनावांनी झालेली चर्चा)

काटकोन
नऊ एकांच्या संख्येचा, म्हणजे १११११११११ चा वर्ग केला की शीर्षकातली सतरा अंकी संख्या येते. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांना अशा संख्या डेम्लो (आजचं डोंबिवली) स्टेशनवर सुचल्या, म्हणून त्यांनी त्यांना 'डेम्लो संख्या' म्हटलं. देवळालीच्या या शिक्षकाबद्दल मला नितांत आदर आहे. तरीही मुलांना ही संख्या 'गणिताची जादू' म्हणून दाखवायला माझा विरोध आहे. करामत दशमान पद्धतीची आहे. हीच संख्या द्विमान पद्धतीत (फक्त ० आणि १ वापरून) लिहा, उलटसुलट सारखी राहत नाही. ८७१२ आणि ९८०१ या चारअंकी संख्या आपल्याच उलट्या रूपाच्या पटीत आहेत, पण गणितज्ञाला त्यात काही घेण्यासारखं नाही, असं इंग्रज गणितज्ञ जी. एच. हार्डींचं स्पष्ट मत होतं. मला ते पटतं.

घातांक
अजिबात पटलं नाही. उभा गुणाकार मांडा. एकांच्या नऊ ओळी, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. उजवीकडून पहिल्या रकान्यात एक १, दुसऱ्यात दोन, नवव्यात नऊ, मग पुन्हा आठ, सात. हातचा कुठेच येत नाही, म्हणून बेरजा जशाच्या तशा खाली उतरतात. दहाच्या जागी क्ष ठेवून बहुपदी केलीत तरी सहगुणक हेच. अष्टमान पद्धतीत (० ते ७ हेच अंक वापरून) सात एकांचा वर्ग करा, १२३४५६७६५४३२१ येतो.

सातवीच्या वर्गात मी दहा एकांचा वर्ग मुद्दाम करायला लावते. मधल्या रकान्यात दहा होतात, हातचा येतो आणि उत्तर निघतं १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडे सातानंतरचा आठ कुठे गेला, हे मुलंच शोधतात.

काटकोन
म्हणजे सौंदर्य बहुपदीचं. या एका संख्येचं काय? व्हॉट्सॲपवर १ × १ = १, ११ × ११ = १२१ असा एकांचा मनोरा फिरतो, हातच्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

लसावि
संख्येचं स्वतःचं हवंय ना? ३⁴ × ३७² × ३३३६६७². तिन्ही मूळ संख्या. एकूण विभाजक ४५. कुठल्याही पद्धतीत लिहा, हे बदलत नाही.
शिवाय १/३७ च्या दशांशात ०२७ हे तीन अंक फिरत राहतात, १/३३३६६७ मध्ये नऊ. बरोबर नऊ अंकांचं आवर्तन असलेली दुसरी मूळ संख्याच नाही!

काटकोन
आवर्तन पुन्हा दशांशाचंच. फिरून तिथेच आलात.

घातांक
नाही. आवर्तन नऊचं, कारण दहाच्या नवव्या घाताला ३३३६६७ ने भागलं की बाकी १ उरते आणि त्याआधीच्या कुठल्याच घाताला उरत नाही. हे रोमन अंकांत लिहिलं तरी खरंच. इथे दहा ही निव्वळ एक संख्या आहे, लिहिण्याची पद्धत नाही.

काटकोन
हे मान्य. मग हेच शिकवा. सातवीत मनोरा कशाला?

घातांक
मनोऱ्यामुळेच तर मुलं १११ चे अवयव पाडायला बसतात. ३७ तिथेच भेटतो, आणि १ ला ३७ ने भागणं सातवीत येतंच.