मदत हवी आहे: रीमॅपनंतर पिकअप चोर्ला घाटात दम सोडतेय, मोठा टर्बो टाकू काय?

खानापूरकर_डिझेल

नमस्कार मंडळी. गाडी इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस, २०१७ ची, २.५ लिटर, पाच गिअर. कंपनीचे आकडे १३४ बीएचपी आणि ३२० न्यूटन-मीटर. १ लाख १८ हजार किलोमीटर झालेत, आजवर तक्रार नव्हती. आता जे काय झालंय ते माझ्याच हौसेनं. मला २०० बीएचपी पाहिजेत. लोक हसतात खरं मला पाहिजेत. (बेळगावबाहेरच्यांसाठी: आमच्यात 'खरं' म्हणजे 'पण'. पुढं गोंधळ नको.)

केलेलं काम असं. उद्यमबागेतल्या एका फॅब्रिकेटरकडनं पुढं मोठा इंटरकूलर (टर्बोतनं येणारी गरम हवा गार करणारा) आणि ॲल्युमिनियमचे पाइप करून घेतले. दिवाळीला रीमॅप केला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून डिझेल आणि बूस्ट (टर्बो दाबून भरतो तो हवेचा जादा दाब) वाढवून घेतला. ट्यूनरच्या कागदावर १७० बीएचपी, बूस्ट १.४ बार.

सपाटीला गाडी झकास. जांबोटी रोडला तर विचारूच नका. खरं गोव्याहून परत येताना साखळीकडनं चोर्ला चढायला लागलो की तिसऱ्यावर २५०० आरपीएमला मागं काळाकुट्ट धूर, मग चेक इंजिनचा दिवा, आणि गाडीतला जीवच जातो. चाळिसाच्या वर हलत नाही. बाजूला घेऊन चावी बंद-चालू केली की ठीक, तीही दोन वळणांपुरती. मागं सामान नव्हतं, आत चौघंच. परवा एक दुधाचा टेम्पो हॉर्न मारून पुढं गेला. त्याचं दुःख वेगळंच.

स्क्यानर लावला. कोड पी ०२९९, म्हणजे बूस्ट कमी. फुल्ल ॲक्सिलरेटरला मॅप सेन्सर (इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) जास्तीत जास्त १७८ किलोपास्कल दाखवतो. मला तो सेन्सरच खराब वाटतोय, कारण इंजिन बंद असताना घरी ९२ दाखवतो आणि साखळीत १०१.

ट्यूनर म्हणतो टर्बो थकला, मोठा हायब्रिड (मूळ टर्बोच्या खोक्यात मोठी चाकं बसवलेला) टाक, ८५ हजार. रताळ्याचे पैसे आत्ताच आलेत. ते दुसरीकडं जायच्या आत सांगा, टाकू काय? घरी अजून बोललो नाही.

तवंदी_फोर्थ_गिअर

टाक की भावा! मोठा टर्बो म्हणजे मोठा टर्बो. आमच्या निपाणीत एकानं टाकलाय, तवंदी घाटात कुणाला ऐकत नाही. (धूर सोडतोय मात्र बॉयलरगत.)

कागदपत्र_आधी

मोडता घालतोय, राग मानू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. आरसी बुकातल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल चालत नाही, आणि २०१९ साली सुप्रीम कोर्टानंही तेच धरलंय. विमा कंपनीला कळवलंय का? उद्या क्लेमच्या वेळी सर्व्हेअरला तो इंटरकूलर पहिल्यांदा दिसायला नको.

उद्यमबाग_टर्नर

खानापूरकर, पैसे खिशात ठेवा. सेन्सर चांगला आहे. तो बूस्ट नाही दाखवत, एकूण दाब दाखवतो, म्हणजे हवामानाचा धरून. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर, तिथं हवेचा दाबच ९२-९३ असतो. साखळी खाली आहे, तिथं १०१. सेन्सर दोन्हीकडं खरं बोलतोय (पुण्याचं 'खरं').

आता हिशोब करा. १.४ बार म्हणजे १४० किलोपास्कल. अधिक ९२, म्हणजे बेळगावात २३२ दिसायला पाहिजे. तुम्हाला १७८ दिसतंय, म्हणजे खरा बूस्ट ०.८६ बार. रीमॅपनं डिझेल १.४ च्या हवेचं सोडलंय, हवा येतेय ०.८६ ची. उरलेलं डिझेल जळतच नाही, तोच तुमचा काळा धूर. हवा कुठं जाते ते शोधा. टर्बोचा नंबर त्यानंतर.

आणि हे चालू ठेवून घाट चढू नका. तुमच्या व्हीजीटी टर्बोत टर्बाइनभोवती (एक्झॉस्टनं फिरणाऱ्या चाकाभोवती) हलणारी पाती असतात. बूस्ट कमी दिसला की ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) पाती मिटवतो, शाफ्ट आणखी जोरात फिरतो, एक्झॉस्टचं तापमान चढतं. गळती होजची, मरतो टर्बो. मग ट्यूनरचं म्हणणं खरंच होणार, उशिरा.

टेस्ट घरी होते. एअर फिल्टरकडनं येणारा पाइप टर्बोच्या तोंडावरनं काढा. त्या मापाची पीव्हीसीची एंड कॅप घ्या, भोक पाडून ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसवा, रबरी होजनं टर्बोच्या तोंडाला आवळा. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर लावून हळूहळू १५ ते १७ पीएसआय भरा, २० च्या वर अजिबात नाही. प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी. ऑइलच्या डिपस्टिककडनं थोडी फुसफुस येणार, ती धरू नका. आणि कॅपच्या समोर उभं राहू नका, सुटली तर दात घेऊन जाते.

एक विचारतो. फॅब्रिकेटरनं पाइपच्या टोकाला बीड काढलाय का? म्हणजे गोल उठाव, होज मागं सरकू नये म्हणून. की नुसता गुळगुळीत पाइप?

खानापूरकर_डिझेल

टर्नरदादा, गुळगुळीत. चारही टोकं. मी स्वतः सीएनसीवर काम करतो आणि हे बघितलं नाही, काय बोलायचं.

काल संध्याकाळी पंक्चरवाले मामा कॉम्प्रेसर घेऊन घरी आले. ५ पीएसआय, काही नाही. १० ला काही नाही. मामा म्हणाले, "सोड की, टर्बोच गेलाय." १४ ला डाव्या हेडलाइटखालचा होज डोळ्यांदेखत दोन-तीन मिलिमीटर मागं सरकला आणि साबणाचा फेस आंबलेल्या पिठागत वर आला. दाब सोडला की होज परत जागेवर. म्हणून तर हातानं हलवून कधी सापडला नाही.

आणि फेंडरच्या आतल्या प्लॅस्टिकवर तेलकट काळा डाग होता, पंख्याच्या आकाराचा, थेट त्याच जोडाकडं बोट दाखवणारा. गेले दोन महिने मी तो दर रविवारी शाम्पू लावून पुसत होतो.

आज शॉपमध्ये पाइप काढून चारही टोकांना टिग वेल्डिंगचा एकेक फेर मारून घेतला, घासून गोल केला, साध्या होज क्लिपा फेकून टी-बोल्टच्या बसवल्या. खर्च हजाराच्या आत, त्यात मामांचा चहा.

उद्यमबाग_टर्नर

आतली तेलाची ओल पुसूनच होज चढवा, नाहीतर बीड असूनही सरकणार. आणि आता गाडी चालवून स्क्यानरच्या आकड्यांचा लॉग इथं टाका.

खानापूरकर_डिझेल

पुसलं. हायवेला हत्तरगीकडं वंटमुरी घाटात घेऊन गेलो. मॅप सेन्सर २२९. धूर नाही म्हटलं तरी चालेल. कोड नाही.

खरं आता नवीनच. चौथ्यावर १८०० ला पूर्ण दाबला की आरपीएम सरसर चढतोय, स्पीडचा काटा तिथंच, आणि केबिनमध्ये करपल्यासारखा वास. क्लच घसरतोय ना हा?

उद्यमबाग_टर्नर

होय, क्लच. इतके दिवस बराच बूस्ट बाहेर जात होता म्हणून तो बिचारा टिकला. प्लेट मूळचीच आहे काय? असली तर १३४ चा क्लच १ लाख १८ हजार किलोमीटर झाल्यावर १७० झेलत नाही. घाई नको. आधी ट्यूनरला सांगून खालच्या आरपीएमचा टॉर्क थोडा उतरवून घ्या, म्हणजे प्लेट येईपर्यंत गाडी चालेल. प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग एकदमच बदला, गिअरबॉक्स दोनदा उतरवायची मजुरी परवडत नाही.

२०० चं म्हणाल तर ते १३४ च्या दीडपट. डिझेल दीडपट म्हणजे हवाही दीडपट, तेव्हा टर्बोचा विषय काढू. त्याआधी टर्बाइनच्या अलीकडं एक्झॉस्ट तापमानाचा मीटर बसवा आणि चोर्ल्यात बघा. काटा बराच वेळ ७०० अंशांच्या वर राहत असेल तर आहे तेच जास्त झालंय.

खानापूरकर_डिझेल

मूळचीच प्लेट. उद्या ट्यूनरकडं जातो.

बेळगावात किंवा कोल्हापूरकडं या गाडीची हेवी ड्युटी क्लच प्लेट कुणी बसवून वापरलीय काय? ट्रॅफिकमध्ये पेडल किती जड लागतं ते सांगा, गाडी अधनंमधनं आमचे वडीलपण चालवतात.