मदत हवी आहे: रेंजर सायकलला कोणते टायर टाकू? पांदण (शेताकडची मातीची वाट), मुरूम, डांबर तिन्ही आहे

सकाळपाळी | २ जून, रात्री ८:५०
नमस्कार मंडळी. घाईत लिहून राह्यलो. उद्या तालुक्याला चाललो आहे आणि येताना टायरची जोडी आणायचीच आहे. मागचा टायर पार गेला, बाजूनं सुतळ्या दिसतात. पुढचा मधातून सपाट झाला. एप्रिलपासून अकरा पंक्चर झाले. आता मृग तोंडावर आला. चिखलात घसरणार नाही, मुरमावर पकड राहील अन् दीड-दोन वर्षं पाहावं लागणार नाही, असा टायर पायजे. दुकानदार म्हणतात मोठ्या बटणांचा घ्या, मित्र म्हणतो बारीक घे. रस्ता मिक्स आहे. फक्त नाव सांगा.

मुरूमवाट | २ जून, रात्री ९:१०
साइज सांगितल्याशिवाय नाव कसं सांगणार भाऊ? २६, २७.५ की २९? टायरच्या बाजूला उठावदार आकडे असतात, ते पाहून लिहा.

सकाळपाळी | २ जून, रात्री ९:१८
सव्वीस. साधी लोखंडी गिअरवाली.

मुरूमवाट | २ जून, रात्री ९:३१
नुसतं "सव्वीस" म्हणून टायर आणू नका, मी त्यात फसलो आहे. २६ × १.९५ आणि २६ × १⅜ ही दोन वेगळी चाकं आहेत. अपूर्णांकवाल्या १⅜ ची रिम ५९० मिलिमीटरची, दशांशवाली आपली रेंजरची ५५९ ची. मोठा टायर लहान रिमवर ढिला बसतो आणि हवा भरताना काठ निसटतो. टायरवर ५०-५५९ किंवा ५४-५५९ असं काहीतरी छापलेलं असतं. पहिला आकडा रुंदी. मागचा ५५९ दिसला तरच पैसे द्या. जुना टायर पिशवीत घालून सोबत न्या, म्हणजे बोलाचाली नको.

डबलपेडल | २ जून, रात्री ९:४४
अकरा पंक्चर म्हणजे ट्यूबचा विषयच संपवा. ट्यूबलेस करा. आत सीलंट टाका, काटा घुसला तरी भोक आपोआप भरतं. मी पुण्यात तीन वर्षं हेच वापरतो, पंपाला हात लावावा लागत नाही.

वर्धेकाठची | २ जून, रात्री ९:५८
दादा, साध्या लोखंडी सायकलच्या रिमवर ट्यूबलेस सुचवू नका. त्या रिमला टायरचा काठ धरून ठेवणारी कड नसते, आरीच्या भोकांतून हवा जाते. टेप लावून जुगाड होतो, पण वजन घेऊन खड्ड्यात आपटली की काठ सुटतो. शिवाय आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, सीलंट दोन-तीन महिन्यांत सुकून रबराच्या साली होतात. तालुक्याला सीलंट मिळणार कुठं?

सकाळपाळी भाऊ, मला एक सांगा. ट्यूबला भोक एक असतं की जवळजवळ दोन? आणि बाहेरच्या अंगाला की आरीच्या अंगाला? दोन चिरा बाजूबाजूला असतील तर हवा कमी असताना गिट्टीवर ट्यूब चेंगरली. आरीच्या अंगाला असेल तर रिमवरची पट्टी सरकली. बाहेरून एकच असेल तर काटा. तिन्हीचं औषध वेगळं आहे.

निवृत्त_मास्तर | २ जून, रात्री १०:१५
सायकलस्वारांनी सीटची उंची तपासली पाहिजे. पेडल खाली असताना गुडघा किंचित वाकलेला हवा. बऱ्याच लोकांची सीट खाली असते, त्यामुळे गुडघे दुखतात. मी चाळीस वर्षं शाळेत सायकलनं गेलो. चेनला पावसाळ्यात आठवड्याला तेल द्यावे.

सकाळपाळी | २ जून, रात्री १०:२२
मास्तर, सीट ठीक आहे. ताई, भोक एकच असते, बाहेरून. चार वेळा तं एकाच ठिकाणी झालं, व्हॉल्व्हपासून वीतभर. पंक्चरवाला म्हणते ट्यूब सडली. ट्यूब दोनदा बदलली तरी तेच.

वर्धेकाठची | २ जून, रात्री १०:३६
नवीन ट्यूबलाही त्याच जागी भोक पडतं म्हणजे काट्याचं टोक अजून टायरमध्येच आहे. बाभळीचा काटा आत मोडतो. बाहेरून दिसत नाही, हवा भरली की टोक पुढं सरकतं. टायर काढा. बोटानं चाचपू नका, टोचेल. कापसाचा पुंजका घ्या आणि टायरच्या आतून सगळीकडं फिरवा. जिथं तंतू अडकेल तिथं काटा. आणि यापुढं टायर चढवताना त्यावरचं नाव नेहमी व्हॉल्व्हसमोर आणा, म्हणजे ट्यूबचं भोक मोजून टायरमधली नेमकी जागा सापडते.

सातपुडा_सफर | २ जून, रात्री ११:०५
मी परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट २७.५ × २.२५ वर करतो. रुंद टायर, कमी हवा, पकड जबरदस्त. तुम्हीही २.२५ घ्या. पुढं मोठी उघडी बटणं, मागं जवळजवळ बटणं. श्वाल्बेचा स्मार्ट सॅम मिश्र रस्त्याला चांगला, मधली बटणं दाट असल्यानं डांबरावर घरघर कमी, कडेची मोकळी असल्यानं वळणावर धरतो. एकदा या घाटात, सेमाडोहकडं पण जाऊ. पाऊस पडला की हिरवंगार असतं.

कपाशी८५ | २ जून, रात्री ११:२०
सेमाडोहला व्याघ्र प्रकल्पाचं जंगल आहे बावा, सायकल घेऊन कुठंही शिरता येत नाही, वनखात्याला विचारून जावं लागते. पण धागा टायरचा आहे.

सकाळपाळी, पांदण कोणत्या मातीची हाय? काळी असन तं जगातला कोणताच टायर चालत नाही, हे आधी मनातून काढून टाका. काळी माती पाणी पिऊन फुगते अन् चिकटते. वीस फेरे झाले की बटणांतल्या खाचा भरतात, टायर गुळगुळीत गोळा होतो. मंग ब्रेकात अन् मडगार्डात लोंदे भरून चाक फिरतच नाही. मी सायकल खांद्यावर घेऊन आलो आहे, म्हणून सांगतो. वाफसा आल्याशिवाय, म्हणजे माती जरा सुकल्याशिवाय, पांदणीत घालूच नका.

सातपुडा_सफर | २ जून, रात्री ११:३३
मोकळ्या बटणांचा टायर चिखल झाडतो, हे सिद्ध आहे.

कपाशी८५ | २ जून, रात्री ११:४१
लाल माती झाडतो, रेती झाडतो. काळी नाही. गडचिरोलीच्या बांधावर अन् दारव्ह्याच्या पांदणीवर फरक असते. तुम्ही घाटात डांबरावर चालवता. इकडे या जुलैत, मी दाखवतो.

मुरूमवाट | ३ जून, सकाळी ६:०५
दोघंही आपापल्या जागी बरोबर आहात. सातपुडा दादा, त्यांच्या लोखंडी सायकलच्या चाक धरणाऱ्या चिमट्यात २.२५ बसेल का ते आधी पाहायला हवं. टायर आणि चिमट्यात दोन्ही बाजूंनी बोट सहज जायला पाहिजे, नाहीतर पहिल्या चिखलात अडकेल. बहुतेक जुन्या रेंजरला १.९५ च ठीक, २.१० म्हणजे कड. अरुंद टायर चिखल कापून खालच्या कडक थरावर जातो, हे मुरमावर खरं. खोल काळ्या मातीत खाली कडक थरच नसतो.

सकाळपाळी भाऊ, रोज किती किलोमीटर, त्यात डांबर किती, तुमचं वजन किती, हवा किती भरता?

सकाळपाळी | ३ जून, सकाळी ८:४०
आता मोकळा झालो. रोज जाऊन-येऊन अठरा. त्यात आठ डांबर, सात मुरूम अन् गिट्टी, तीन पांदण. पांदण काळीच. वजन अडुसष्ट. हवा मोटारसायकलवाल्याकडे भरतो, तो पासष्ट पौंड भरून देते. टाईट असली की ओझ्याला बरं वाटते.

वर्धेकाठची | ३ जून, सकाळी ८:५२
कोणतं ओझं?

सकाळपाळी | ३ जून, सकाळी ९:०१
दुधाच्या दोन कॅना. दहा-दहा लिटरच्या. मागच्या कॅरिअरला दोन बाजूंनी. सकाळी सातच्या आत संकलन केंद्रावर पोचवावं लागते. पंक्चरमुळे यावर्षी दोनदा दूध परत आणावं लागलं, एकदा नासलं. म्हणून तं घाई आहे.

मुरूमवाट | ३ जून, सकाळी ९:२०
हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं भाऊ! कॅनांसकट पंचवीसेक किलो, सगळं मागच्या चाकावर. म्हणून मागच्या टायरच्या बाजू फाटल्या आणि पुढचा अजून टिकला. एकसारखी जोडी घेण्याचा विचार सोडा.

मागं: १.९५, मध्ये सलग किंवा दाट बटणं, कडक रबर, जाड बाजू. टायरवर टीपीआय लिहिलेलं असतं, म्हणजे इंचात किती धागे. १२० चा टायर मऊ, हलका आणि पातळ, रेसचा. तुम्हाला ३० च्या आसपासचा जाडा धागा हवा. रालसन, मेट्रो, हार्टेक्सचे असे टायर तालुक्याला मिळतात.

पुढं: थोडी मोकळी बटणं, जरा मऊ रबर. घसरल्यावर सावरता येतं मागचं चाक, पुढचं गेलं तर माणूस दुधासकट आडवा. मागचा झिजला की पुढचा मागं टाका आणि नवा पुढं. उलटं करू नका. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर तो पाळा.

डबलपेडल | ३ जून, सकाळी ९:४७
ठीक आहे, ट्यूबलेस मागं घेतो, ओझं माहीत नव्हतं. पण ट्यूबमध्ये सीलंट तरी टाका. मोटारसायकलसारखा जाडा व्हॉल्व्ह असेल तर पिन काढून टाकता येतं. काट्याची भोकं भरतात. चिर असेल तर नाही.
आणि बजेट असेल तर श्वाल्बे मॅरेथॉन प्लस. आत पाच मिलिमीटरचा लवचिक रबराचा थर आहे.

कपाशी८५ | ३ जून, सकाळी १०:१५
बाभळीचा काटा दोन-अडीच इंच असते. कुपाटीतला, म्हणजे काटेरी कुंपणातला, पाच मिलिमीटरवर थांबत नाही. सराटा थांबन. पैसे असले तं घ्या, पण बाभूळ तोडल्यावर काट्या पांदणीत कोण टाकते ते आधी पाहा. आमच्या इकडे चार घरांनी मिळून एक सकाळ काट्या वेचल्या, पंक्चर अर्ध्यावर आले.

वर्धेकाठची | ३ जून, सकाळी १०:३०
फुकटचा उपाय: जुन्या टायरचे तारेचे काठ कापून मधला पट्टा नव्या मागच्या टायरमध्ये ट्यूबखाली घाला. कडा तिरप्या कापा आणि पावडर लावा, नाहीतर पट्ट्याची कडच ट्यूब खाते. चालवायला जड जाईल. पण तुमच्या कामाला वेगापेक्षा सातच्या आत पोचणं मोठं आहे.

हवा मात्र पासष्ट नको. पुढं ३५, मागं भरल्या कॅनांना ५०. कोरडा मुरूम कडक टायरखालून बॉलबेअरिंगसारखा सरकतो. टायरवर छापलेली हवेची मर्यादा एकदा वाचा. हातपंप आणि मीटर घ्या, मोटारसायकलचा कॉम्प्रेसर दोन सेकंदांत जास्त भरतो.

निवृत्त_मास्तर | ३ जून, सकाळी ११:००
दारव्हा म्हटले म्हणून आठवले, शकुंतला चालू झाली का? मूर्तिजापूर-यवतमाळ नॅरोगेज. त्या पटरीच्या कडेने सायकलने जाता येत असे.

सकाळपाळी | ३ जून, सकाळी ११:१२
बंदच आहे मास्तर. कडेनं गिट्टी अन् बाभळीच आहेत, टायरचा जीव जाते. चाललो बसला.

सकाळपाळी | २७ जून, रात्री ९:२५
उशीर झाला लिहायला, पेरणी होती. ज्यांनी वेळ दिला त्यांना सांगणं भाग आहे.

ताईनं सांगतलं तसं जुना टायर उलटा करून कापूस फिरवला. पुंजका थांबला. पाह्यलं तं तांदळाच्या कणीएवढं काळं टोक, रबराच्या आत गडप, बाहेरून काहीच नाही. नेलकटरनं धरून ओढलं तं अर्धा इंच निघालं. पुढच्या टायरमध्ये असे आणखी दोन सापडले. चार पंक्चरचे पैसे अन् दोन ट्यूबा त्या एका काट्यापायी गेल्या.

दुकानात पहिला टायर दिला त्यावर ५९० होतं. परत केला. मागं १.९५ दाट बटणांचा जाडा घेतला, आत जुन्याचा पट्टा. पुढं मोकळ्या बटणांचा. मॅरेथॉनचं विचारलं, मागवावं लागते म्हणाले, राहू दिलं. हवा मीटरनं ३५ अन् ५०. मुरमाच्या उतारावर आधी मागचं चाक शेपटासारखं हालत होतं, ते थांबलं. पट्ट्यानं जड जाते, चढावर कळते. आतापर्यंत एक पंक्चर, तेही गिट्टीनं बाजूला कापून.

कपाशी भाऊ, तुमचं खरं निघालं. पहिल्या पावसानंतर पांदणीत घातली, शंभर पावलांत दोन्ही चाकं जाम. कॅना उतरवून लोंदे काडीनं काढले, सव्वासात झाले. आता दीड किलोमीटर भावाच्या बंडीतून कॅना आणतो अन् सायकल मुरमाच्या कडेला एका वावरातल्या गोठ्यात ठेवतो. मागचं मडगार्ड काढून टाकलं.

कपाशी८५ | २७ जून, रात्री ९:५०
मडगार्ड काढलं तं कॅनांच्या झाकणावर चिखल उडन. जुन्या ट्यूबचा तुकडा कॅरिअरखाली बांधा, तेवढं पुरते. अन् गोठ्यात चाक उन्हात येऊ देऊ नका, बाजू तडकते.

सकाळपाळी | २७ जून, रात्री १०:०२
उद्या बांधतो. झाकणावर कालच उडाला होता.