इंक टँक प्रिंटरचा काळा रंग अजिबात येत नाहीये, हेड (कागदावर शाई सोडणारा भाग) गेलंय म्हणतात, खरंच का?

मिरजेची_शिकवणी:
नमस्कार मंडळी, जरा अर्जंट आहे. माझ्याकडे घरी इंक टँकवाला कलर प्रिंटर आहे, तीन वर्षं झाली, मी पाचवी ते आठवीच्या शिकवण्या घेते त्यामुळे वर्कशीट, सराव पेपर सगळं घरीच काढते. मे महिन्यात आम्ही आजऱ्याला गेलो होतो, पाच आठवडे घर बंद, आणि आता शाळा सुरू व्हायच्या आधी पेपर काढून ठेवू म्हणून आल्या आल्या प्रिंट दिली तर काळं अक्षर एकसुद्धा नाही. चित्रं येतायत, पिवळा निळा गुलाबी येतोय, मध्ये मध्ये बारीक पांढऱ्या रेघा आहेत पण येतोय, मात्र जिथे मजकूर हवा तिथे कागद कोरा. काळ्याच्या टाकीत शाई अर्ध्याच्या वर आहे. हेड क्लीनिंग आठ वेळा केलं. दुरुस्तीवाल्याकडे नेला तर त्याने उघडूनही न बघता सांगितलं की काळ्याचं हेड गेलं, बदला नाहीतर नवीन घ्या. शेजारच्या काकू पण म्हणतात नवीनच घे. पण तीन वर्षांत फेकायचा म्हणजे जीव होत नाही हो. काय करू?

शाईदौत:
ताई, सगळ्यात आधी हेड क्लीनिंग थांबवा. प्रत्येक क्लीनिंगला प्रिंटर टाकीतली शाई ओढून आतल्या स्पंजमध्ये सोडतो, म्हणजे तुमचे पैसे त्या स्पंजात जातायत. दोन-तीनदा करून फरक नाही पडला तर चौथ्यांदा करून पडत नाही, त्यापेक्षा रात्रभर तसाच ठेवलेला बरा.
आता तीन गोष्टी सांगा. एक, काँप्युटर न लावता प्रिंटरवरूनच नोझल चेक (हेडच्या बारीक भोकांतून, म्हणजे नोझलमधून, प्रत्येक रंग येतो का ते दाखवणारं चाचणीचं पान) काढला का, आणि त्यात काळ्याचा पट्टा पूर्ण गायब आहे की तुटक आहे. दोन, आठ वेळा क्लीनिंग केल्यावर कुठल्या कुठल्या टाकीची पातळी खाली आली. तीन, आणि हे अगदी खरं सांगा, प्रिंटर बंद कसा करता, त्याच्या स्वतःच्या बटणाने की भिंतीवरच्या बोर्डाने?

मिरजेची_शिकवणी:
नोझल चेकमध्ये काळा पूर्ण गायब, एक रेघ नाही. रंगांचे पट्टे आहेत, गुलाबीत दोन जागी तुटलेत. टाक्या आत्ता नीट बघितल्या, तिन्ही रंगांची पातळी चांगली खाली गेलीये आणि काळ्याची आहे तिथेच आहे, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. बंद मात्र बोर्डावरूनच करतो, गावाला जाताना ह्यांनी घरातली सगळी बटणं बंद केली, तेव्हा बहुतेक तो चालूच असेल कारण निघायच्या आधी घाईघाईत सातबाऱ्याची प्रिंट काढली होती.

कोकणातला_बाबू:
माझं पण असंच झालेलं, मी हेडवर हँड सॅनिटायझर टाकलं आणि पुसून काढलं, चालू झाला. करून बघा, घरातच असतं.

शाईदौत:
बाबूशेठ, तुमचा चालू झाला हे चांगलंच, पण ताई तुम्ही हे करू नका. सॅनिटायझरमध्ये नुसतं स्पिरिट नसतं, ग्लिसरीन असतं, जेलवाल्यात घट्टपणासाठी अजून काय काय असतं, आणि नोझलची भोकं केसापेक्षा बारीक. तिथे चिकट काही गेलं तर आज चालेल आणि पुढच्या महिन्यात कायमचं बसेल. नळाचं पाणीही नको, त्यातले क्षार वाळून तिथेच राहतात. डिस्टिल्ड वॉटर घ्या, बॅटरीच्या दुकानात इन्व्हर्टरमध्ये घालायचं मिळतं ते, फक्त ॲसिड नाही ना हे विचारून घ्या.

आता तुमच्या उत्तरावरून मला काय वाटतं ते सांगतो. प्रिंटर त्याच्या बटणाने बंद केला की हेड सरकत उजव्या टोकाला जाऊन एका रबरी टोपीवर बसतं. ती टोपी हेडला खालून घट्ट झाकते म्हणून शाई वाळत नाही. बोर्डावरून करंट तोडला आणि हेड त्या क्षणी टोपीवर नीट बसलेलं नसलं तर ते उघडं राहतं, आणि मे महिन्यात मिरजेत पाच आठवडे उघडं म्हणजे झालंच. पण दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. क्लीनिंगच्या वेळी पंप ह्याच टोपीतून शाई खाली ओढतो. बऱ्याच प्रिंटरात काळ्याचा आणि रंगांचा कप्पा वेगळा असतो. तुमचे रंग ओढले गेले आणि काळा हललासुद्धा नाही, म्हणजे पंप चालू आहे पण काळ्याच्या बाजूला ओढच लागत नाहीये. हेड चोंदलं असेल किंवा टोपी चोंदली असेल, आणि टोपी तपासायला एक रुपया लागत नाही. हेड बदलायच्या आधी हे बघायलाच हवं होतं त्या माणसाने, मला ह्याचाच राग येतो.

असं करा. प्रिंटर चालू करून झाकण उघडा, काही मॉडेलला हेड आपोआप मध्ये येतं, नाही आलं तर हेड सरकायला लागल्या लागल्या प्लग काढा (आयुष्यात ही एकच वेळ असं करायची), मग हाताने हळू डावीकडे सरकवा, जोर लावायचा नाही. उजवीकडे टोपी दिसेल, आत स्पंजचे तुकडे असतात. ड्रॉपरने दोन्ही कप्प्यांत चार-पाच थेंब डिस्टिल्ड वॉटर टाका, हेड परत उजवीकडे सरकवून झाकण लावा आणि एकदाच क्लीनिंग द्या. नंतर उघडून बघा, पाणी खाली गेलं की तिथेच साचलंय. मागे हेडच्या रुळाला समांतर एक पारदर्शक प्लास्टिकची पट्टी असते तिला बोट लावू नका, तिच्यावरच्या बारीक रेघा वाचून हेडला आपण कुठे आहोत ते कळतं, डाग पडला तर हेड आपटायला लागेल.

पिंपळपान:
ह्यात थोडी भर. बऱ्याच घरगुती मॉडेलला काळी शाई पिगमेंटची असते आणि रंग डायचे. डाय म्हणजे पाण्यात पूर्ण विरघळलेला रंग, पिगमेंट म्हणजे बारीक कण तरंगत असलेले, त्यामुळे काळं अक्षर पाण्याने पसरत नाही पण वाळली की कवच धरते. म्हणून आधी काळाच अडकतो. तोपर्यंत मुलांची वर्कशीटं अडली असतील तर फाइलमध्ये अक्षरांचा रंग गडद निळा करून काढा, निळा नि गुलाबी मिळून छापेल, वाचायला व्यवस्थित येतं. पण काळ्याच्या कोऱ्या प्रिंटवर प्रिंट काढत राहू नका, ज्या हेडमध्ये शाई तापवून उडवतात त्यात शाईशिवाय हीटर तापत राहिला तर हेड खरंच जळतं.

मिरजेची_शिकवणी:
अहो झालं! नीट सांगते. निळ्या अक्षरांची वर्कशीटं काढली आधी, धन्यवाद पिंपळपान, मुलांना तर आवडली. मग दुपारी पाण्याचा प्रयोग केला. रंगांच्या कप्प्यातलं पाणी गेलं, काळ्याच्या कप्प्यात तसंच साचून, वर काळी साय आल्यासारखी. टॉर्च लावून बघितलं तर त्या रबराच्या कडेवर वाळलेल्या शाईचा गोल थर, तव्यावर डोशाची कड करपते ना तसा, आणि त्यात एक लांब केस आडवा चिकटलेला, माझाच असणार. चिमट्याने केस काढला, कोमट डिस्टिल्ड वॉटरचे थेंब टाकून दहा मिनिटं थांबायचं आणि टिश्यूच्या टोकाने टिपायचं असं सात-आठ वेळा केलं, पाणी शेवटी फिक्कट राखाडी यायला लागलं. कडा चष्म्याच्या कापडाने पुसल्या. परत पाच थेंब टाकून एक क्लीनिंग दिलं आणि पाणी गेलं!! लगेच नोझल चेक काढला तर काळ्याचा साधारण अर्धा पट्टा आला. तुम्ही म्हणाला होता म्हणून हात आवरला, बटणाने बंद करून रात्रभर ठेवला. सकाळी दोनच जागी तुटक, अजून एक क्लीनिंग दिल्यावर पूर्ण. गुलाबी पण भरला. आठवीचा बीजगणिताचा पेपर काढला, सगळी चिन्हं स्वच्छ आहेत. नवऱ्याने बोर्डावर चिठ्ठी चिकटवलीये, आधी प्रिंटरचं बटण, दिवा विझला की मग हे.

एक शंका, मी आठ वेळा क्लीनिंग केलं ती शाई आतल्या स्पंजात गेली म्हणालात, तो भरून वाहणार तर नाही ना?

शाईदौत:
वा ताई, मनापासून आनंद झाला. लगेच नाही वाहणार. प्रिंटर आतमध्ये मोजत असतो आणि भरत आला की स्वतःच सांगतो की शाईचा पॅड भरत आलाय. तेव्हा पॅड बदलूनच घ्या. नुसता आकडा शून्यावर आणून देणारे सॉफ्टवेअरवाले भेटतील, पण आकडा शून्य झाला तरी आत स्पंज ओलाच असतो आणि मग शाई टेबलावर येते, मी स्वतः एका लायब्ररीत सागवानी टेबलाची वाट लागलेली बघितली आहे. आणि आठवड्यातून एक पान चारही रंगांचं काढत जा, दिवाळीत गावाला जाल तेव्हा शेजारच्या काकूंकडे किल्ली देऊन जा, दहा दिवसांनी एक प्रिंट काढा म्हणावं.

कोकणातला_बाबू:
सॅनिटायझरचं माहीत नव्हतं, आजच डिस्टिल्ड वॉटर आणतो. चिपळूणला आमच्याकडे आता कागद दमट होऊन दोन-दोन पानं एकदम ओढतोय, त्यावर काय करू?

पिंपळपान:
ट्रेमध्ये गठ्ठा ठेवू नका, लागतील तेवढीच पानं ठेवा आणि बाकीचा रिम प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून कपाटात. घालायच्या आधी पानं वाकवून कडेने फुलवून घ्या. ओढणारा रबरी रोलर ओलसर कापडाने पुसा, त्यावर कागदाची पांढरी भुकटी बसते. तरी नाही थांबलं तर नवीन धागा काढा, फोटोसकट.