माहुली गडावर नेमके काय पाहावे आणि त्याचा इतिहास कसा समजून घ्यावा?

डोंबिवलीकर
नाताळच्या सुट्टीत दहावीतील भाचा आणि त्याच्या मित्रांना घेऊन आसनगावजवळच्या माहुली गडावर जाण्याचा विचार आहे. आजवर मुलांनी सिंहगड आणि रायगड पाहिले आहेत, तेथे मार्गदर्शक आणि फलक असल्यामुळे समोर काय आहे ते समजते. माहुलीविषयी मात्र ज्यांना विचारले त्यांनी ‘वर काही उरलेले नाही, वजीर सुळक्याचे फोटो काढा आणि उतरा’ असेच सांगितले. हे उत्तर मनाला पटत नाही. या गडावर काय घडले आणि जे पडके अवशेष आहेत ते पाहताना कशाकडे लक्ष द्यावे, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

इतिहासवाचक
माहुलीला जाण्यापूर्वी मुलांना १६३६ हे साल नीट समजावून सांगा, कारण या गडाचे खरे महत्त्व त्या एका वर्षात आहे. १६३३ मध्ये दौलताबाद मोगलांच्या हाती गेल्यावर निजामशाही संपल्यातच जमा होती. परंतु शहाजीराजांनी निजामशाही घराण्यातील एका लहान मुलाला गादीवर बसवून ते राज्य आणखी तीन वर्षे तगवून धरले. १६३६ मध्ये शाहजहान आणि आदिलशाह यांच्यात तह झाला, तेव्हा राजांच्या पाठीशी एकही मोठी सत्ता उरली नाही. मोगलांकडून खानजमान आणि विजापूरकडून रणदुल्लाखान असे दोघेही त्यांच्या मागावर निघाले, पोर्तुगीजांनी आश्रय नाकारला आणि शेवटी राजे माहुलीवर आले. गडाला वेढा पडला. अखेर त्यांना त्या बालनिजामासह गड शत्रूच्या स्वाधीन करावा लागला आणि ते आदिलशाहीच्या चाकरीत गेले. अहमदनगरच्या निजामशाहीचा शेवट दौलताबादेत नव्हे, तर आपल्या ठाणे जिल्ह्यातील या डोंगरावर झाला, हे मुंबईच्या किती शाळांत शिकवले जाते?

पुढचा भागही तितकाच महत्त्वाचा आहे. शिवाजी महाराजांनी १६५८ च्या जानेवारीत गड जिंकला, १६६५ च्या पुरंदरच्या तहात जे तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले त्यांत तो गेला आणि १६७० मध्ये तो परत घेण्याचा प्रयत्न सुरू झाला. सिंहगड घेतल्यानंतर त्याच फेब्रुवारीत माहुलीवर झालेला हल्ला मात्र फसला. किल्लेदार मनोहरदास गौड सावध होता आणि मराठ्यांची सुमारे हजार माणसे पडली. पुढे मनोहरदास तेथून गेला, त्याच्या जागी दुसरा किल्लेदार आला आणि १६ जून १६७० रोजी मोरोपंत पिंगळ्यांनी गड घेतला. मुलांना विजयाइतकीच ही फसलेली चढाईही सांगावी, असे मला मनापासून वाटते. गड तोच होता. तो राखणारा माणूस बदलल्याने काय फरक पडला, हे त्यांना त्यातून कळेल.

१८८२ साली प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये या गडाचे वर्णन आहे. ते जाण्याआधी वाचून ठेवावे.

गडवाटा
इतिहासवाचक यांनी घटना सांगितल्या आहेत, म्हणून मी फक्त दगडांविषयी लिहितो. पडका गड पाहताना दरवाजा आणि पाणी या दोन गोष्टी आधी शोधाव्यात. माहुलीच्या महादरवाजाची कमान ढासळली आहे, पण आत पहारेकऱ्यांच्या देवड्या आहेत. मुलांना त्या देवडीत बसवून वाट किती अंतरापर्यंत दिसते ते पाहायला सांगा. कोणत्याही गडाच्या दरवाजात दोन्ही बाजूंच्या भिंतींत समोरासमोर चौकोनी भोक असले, तर ती अडसराची खोबण होय. एका बाजूचे भोक खूप खोल असते, कारण दार उघडे असताना आख्खा लाकडी अडसर त्यातच सरकवून ठेवत. खाली उंबऱ्याजवळ गोल खळगा दिसला, तर दाराचा खुंटा त्यात फिरत असे. हात घालून पाहिले की त्याच्या कडा घासून गुळगुळीत झाल्याचे बोटांना जाणवते.

टाकी पाहताना आणखी एक गोष्ट सांगावी. कातळ फोडून टाके खोदले की निघालेला दगड तटबंदीला आणि घरांना वापरत, म्हणजे पाणी आणि बांधकाम ही दोन्ही कामे एकाच वेळी होत. माथ्यावर तलाव आहे, वाड्यांची जोती आहेत आणि माहुलेश्वराचे स्थान आहे. जोत्यांवर चढून बसू नये. सांधे सुटलेले आहेत, एकेक चिरा असाच निखळतो. खाली तानसा तलाव दिसतो. मुंबईच्या नळांना येणाऱ्या पाण्याचा काही भाग तेथून येतो, हे मुलांना नक्की आवडेल.

शहापूरकर
कसारा किंवा आसनगाव लोकलने आसनगावला उतरावे, तेथून माहुली गावापर्यंत रिक्षा मिळते. गड सुमारे २,८०० फूट उंच आहे, चढ सलग आणि दमवणारा आहे आणि शेवटी लोखंडी शिडी आहे. हा भाग तानसा अभयारण्यात येतो, त्यामुळे प्लास्टिक खाली परत आणावे आणि सूर्यास्तापूर्वी उतरावे. पिण्याचे पाणी प्रत्येकाने पुरेसे सोबत न्यावे.

डोंबिवलीकर
सर्वांचे मनःपूर्वक आभार. माहुली, पळसगड आणि भांडारगड असे तीन गड मिळून हा डोंगर झाला आहे, असे वाचले. भांडारगडाच्या बाजूचा कल्याण दरवाजाही एकाच दिवसात पाहता येईल का?

गडवाटा
या मुलांसोबत नको. ती वाट अवघड आहे आणि माहितगार माणसाशिवाय तिकडे जाऊ नये. महादरवाजा आणि तलाव निवांत पाहायलाच दिवस लागेल. कल्याण दरवाजासाठी प्रस्तरारोहण येणाऱ्यांबरोबर स्वतंत्रपणे जावे.